पुढचं वजन

काल रात्री साडेनऊला पलीकडच्या मळ्यातल्या बापूंचा फोन आला. "सर, उद्या सकाळी मोकळे आहात का?" पस्तीस वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे मला वाटलं, नातवाच्या एलिमेंटरीचं काहीतरी असेल. म्हटलं, "आहे की. काय काम काढलंत?"

"काय न्हाई, तुमचं जरा वजन पायजे हुतं."

मला बरं वाटलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी अजून आपलं कुठंतरी वजन आहे म्हणायचं. "बोला, कुणाकडे शब्द टाकायचाय?"

"शब्द न्हाई ओ. शेणखताच्या चार खेपा हायत. ट्रॅक्टरवर पुढं बसायला."

हे प्रकरण इथवर कसं आलं ते थोडक्यात सांगतो. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग. ओळींमधून जावा म्हणून २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. ट्रॉली मात्र जुनी, मोठ्या ट्रॅक्टरसाठी केलेली, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. आता या ट्रॅक्टरचा हूक माझ्या नडगीला लागतो आणि ट्रॉलीचा दांडा मांडीला. दोघांची गाठ पडावी म्हणून मागच्या लिंकेजला (अवजार अडकवायच्या तीन लिंका, खाली दोन आणि वर एक, ती टॉप लिंक) जोडायचा तयार हूक शोरूममध्ये मिळतो. किंमत आठ हजार, वर "तुमच्या मॉडेलला बसंल का ते लावून बघावं लागंल". खरड छाटणीआधी शेणखत तर पडायलाच हवं. म्हटलं, घरीच करू. आमच्याच तालुक्यातल्या बागेतून 'तास-ए-गणेश'सारखी द्राक्षाची जात निघाली. मग एक लोखंडी हूक निघायला काय हरकत आहे?

कार्डशीटवर रीतसर ड्रॉइंग केलं. समोरून, वरून, बाजूने. खाली दोन पिनांचा आडवा दांडा, त्यावर त्रिकोणी उभी चौकट, शेंड्याला टॉप लिंकची पिन आणि तिच्या जरा खाली हूक. कोपऱ्यात सही आणि तारीख, सवयीने. खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. मिस्त्रीने शीट हातात घेतली, "म्हणजे खाली सात सूत, वर सहा" म्हणाला आणि त्याच शीटवर भज्यांचा पुडा सोडला. दोन पिनांमधलं अंतर मी ६८३ मिलिमीटर लिहिलं होतं, कारण प्रमाणित माप तसं आहे. आमच्या ट्रॅक्टरच्या लिंका मात्र त्याहून बऱ्याच जवळजवळ. ट्रॅक्टर दारात उभा असताना तो मोजून बघावा हे मला सुचलं नाही. पहिला दांडा भंगारात गेला.

आणि हे सगळं आप्पांच्या देखत.

आप्पा घमेल्याचा कान जोडून घ्यायला आले होते. पाच मिनिटांचं काम, सोमवारी सकाळीच झालं होतं. बुधवार उजाडला तरी ते तिथेच, द्राक्षाच्या उपड्या क्रेटवर, जोडलेलं घमेलं मांडीवर घेऊन. वेल्डिंगचा उजेड पडला की घमेलं तोंडापुढे धरायचे, विझला की खाली घ्यायचे.

"काय करताय सर?"

"हूक करतोय, आप्पा."

"कशाला?"

"ट्रॅक्टरला."

"ट्रॅक्टरला हूक न्हवता व्हय?"

"आहे. पण तो खाली आहे."

"मग?"

"ट्रॉलीचा दांडा वर येतो."

आप्पांनी तंबाखू मळली, चुना झटकला, दाढेखाली धरली. "मग दांडा खाली घ्या की."

मी हसलो. शिक्षक विद्यार्थ्याच्या बाळबोध प्रश्नाला हसतो तसा. ट्रॉली जुनी आहे, तिचा दांडा कापला तर विकताना भाव येत नाही, आणि हा हूक काढता-घालता येतो, हे मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. शीटवरची भजी बाजूला सारून ड्रॉइंगही दाखवलं.

"झकास काढलंय," आप्पा म्हणाले. "पर सर, हे उलार हुनार."

उलार हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला जोतं आवळतं आणि गाडी मागे कलते. तेच उलार. मी म्हटलं, "आप्पा, उलार बैलगाडी होते. ट्रॅक्टरचं इंजिन पुढं असतं."

"इंजान पुढं आसतंय," आप्पांनी मान डोलावली. "पर तुमी वडताय कुठनं? वरनं. आमचा हरण्या हुता, त्याचा खांदा दोन बोटं उंच. गाडी कदी नीट बसली न्हाई. मग माझ्या बाऽनं काय केलं ठाव हाय?"

मला ठाव नव्हतं आणि व्हायचंही नव्हतं. पण हरण्या म्हैसाळच्या बाजारात कितीला घेतला, त्याच्या जोडीचा सर्जा कसा डाव्या अंगाला दबायचा, एकदा वैरणीची गाडी ओढ्यात कशी उलार झाली आणि शाळेत निघालेल्या आप्पांना धरून कसं धुरेवर बसवलं, हे सगळं ऐकावं लागलं. "तवापासनं शाळा सुटली," आप्पा म्हणाले. "बाऽ म्हनला, तुजं वजन हितंच बरं हाय." आणि खो खो हसले. मिस्त्रीही हसला. मी हसलो नाही, कारण तेवढ्या वेळात त्याने दुसरा दांडा दोन सूत तिरका चिकटवला होता.

शुक्रवारी हूक लागला. दिसायला देखणा. रंग मी स्वतः दिला, हातगाड्यांचा असतो तसला निळा. ट्रॉलीत शेणखत भरलं, पुतण्या स्टिअरिंगवर बसला. सपाटीवर सगळं सुरळीत. पाटाच्या चढणीला मात्र त्याने क्लच सोडला आणि पुढची दोन्ही चाकं वीतभर उचलली गेली, वरातीतलं घोडं उठतं तशी. पुतण्याने क्लच दाबला, चाकं धाडकन खाली. बांधावर आप्पा उभे होते, घमेल्यासकट. ते जास्त काही बोलले नाहीत. थुंकले आणि म्हणाले, "उलार."

यावर उपायही त्यांच्याकडे तयार होता. "फुडं वजन पायजे. धुरंवर पोरगं बसवायचं. आता पोरं कुठायत गावात? सगळी पुण्याला." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "सर, तुमचं वजन किती?"

९१.

"दगड बांधूया की," मी म्हटलं.

"दगूड बांदायचा तर दोरी लागंल. तुमी सवताच धरून बसताय."

शोरूममध्ये पुढे अडकवायची लोखंडी वजनं मिळतात. ती वेगळी विकत घ्यायची. ट्रॅक्टर विकताना हे कुणी सांगत नाही. तेव्हा सांगतात, "सर, एकदम छोटा आहे, तुम्हीसुद्धा चालवाल." मशीन छोटं करतात, मग त्याला लागणारी प्रत्येक वस्तू वेगळ्या बिलावर घ्यायची. आणि आम्ही ती घरी बनवली की शहरातले पाहुणे "वा, जुगाड!" म्हणून फोटो काढतात. हौस म्हणून कोण करतो हो? परवडत नाही म्हणून करतो.

तर मी बंपरवर टॉवेल टाकून बसलो. तोंड पुतण्याकडे, पाठ जगाकडे, दोन्ही हातांनी तापलेलं बॉनेट धरून. मागून, ट्रॉलीतल्या शेणखतावरून आप्पांच्या सूचना: "सर, आजून जरा फुडं सरका. हां. हालू नका." रस्ता पारावरून जातो. पारावरच्या मंडळींनी एकदाही विचारलं नाही की सर, असे का बसलाय. न विचारण्यातच सगळं आलं. पुढे माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून आडवा आला. सज्जन मुलगा, गाडी लावून चालत्या ट्रॅक्टरबरोबर पळत माझ्या पाया पडला. पाय लोंबतच होते, त्याला वाकावंही लागलं नाही. मग त्याने व्हिडिओ काढला.

चार खेपा. रात्री पाठीला बाम चोळत फोनवर वाचत बसलो. ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन नावाच्या एका आयरिश माणसाची. १९०९ साली स्वतः बनवलेलं विमान उडवणारा गडी. अवजार अडकलं की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटायचा, ते थांबवायला त्याने अशी मांडणी केली की अवजाराची ओढ टॉप लिंकमधून पुढची चाकं उलट खाली दाबते. म्हणजे ट्रॅक्टर उलार होऊ नये म्हणून त्या माणसाने वर्षानुवर्षं डोकं चालवलं आणि त्याच जोडणीवर हूक वर चिकटवून मी तो उलार केला. या फर्ग्युसनने १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसतं हस्तांदोलन करून व्यवहार ठरवला, कागद नाही. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात ते फिसकटलं, कोर्टकचेरी झाली, १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटलं. मीही मिस्त्रीशी तोंडीच ठरवलं होतं. माझं साडेचार हजारांवर मिटलं, ठरले होते अडीच.

झोप मात्र लागली नाही. असा ट्रॅक्टर मागे उलटला तर वर बसलेला सहसा वाचत नाही. डोक्यावर लोखंडी चौकट लावावी तर मांडवाच्या तारा आड येतात. पुतण्या बावीस वर्षांचा आहे. आणि बंपरवर बसलेल्या म्हाताऱ्याचं काय झालं असतं, हे पुतण्याच्या आईने सकाळी मला पुरेशा स्पष्ट शब्दांत सांगितलं.

सोमवारी हूक कापून पार खाली, ट्रॅक्टरच्या मूळ हुकाच्या उंचीला घेतला आणि ट्रॉलीचा दांडा खालून प्लेट मारून उतरवला. म्हणजे आप्पांनी क्रेटवरून सांगितलं होतं तेच. मिस्त्रीने कापायचेही पैसे लावले. आप्पा तिथेच होते. काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा म्हणता आला असता, पण त्यांनी उजेड पडलेला नसताना घमेलं तोंडापुढे धरलं होतं आणि ते हलत होतं.

हे सगळं मी काल बापूंना फोनवर सांगितलं. हूक खाली घ्या, वजनाची गरजच नाही, धोका आहे, मिस्त्रीला सांगा. बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवो पर सर, मिस्त्रीनं तुमच्याच कागदावरनं केलाय. त्याच्यावर तुमची सही हाय. त्योच म्हनला, ह्या हुकाला फुडं सर लागत्यात."