भिंतीला पाझर

जुन्या घराच्या भिंतीला ओल आली की प्लंबरच्या आधी नातेवाईक येतात. आमचं घर पुण्यात नारायण पेठेत, पानशेतच्या पुरानंतर बांधलेलं. १२ जुलै १९६१ या तारखेपासून आमच्या घराण्यात पाण्यावर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांना तोटा नाही. देवघरामागची भिंत ओली दिसताच काकांनी तिला हात लावला, बोट नाकाशी नेलं आणि "पावसाचं आहे" असा निकाल दिला. महिना मार्च होता. आत्याच्या मते वरचे भाडेकरू अंघोळ फार करतात. मेहुण्याने फोटो काढून कुठल्याशा मित्राला पाठवला. मित्राने उलटटपाली वॉटरप्रूफिंगचा भाव कळवला.

आईने यातलं काहीच केलं नाही. तिने ओलीवर कॅलेंडर टांगलं. आधी महिनाअखेर भिजली, मग ओल चढत चढत संकष्टीपर्यंत आली.

भाडेकरूंवरचा संशय एकदा फिटावा म्हणून त्यांच्या मोरीत नीळ ओतली. सांडपाणी झिरपत असेल तर खाली भिंत निळी पडते, हा जुना उपाय. आम्ही सगळे संध्याकाळभर भिंतीसमोर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला आल्यासारखे बसलो. भिंतीने रंग दाखवला नाही. भाडेकरू निर्दोष सुटले आणि जिन्यात आमच्याशी बोलेनासे झाले.

मग प्लंबर आला. त्याने भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाकी भरून घेतली, सगळे नळ बंद करायला लावले आणि बाहेर मीटरपाशी उकिडवा बसला. काचेखालची ती एवढीशी चक्री, घरात कोणी पाण्याला हात लावलेला नसताना, आपल्याच तंद्रीत फिरत होती. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला वीसेक लिटर जातं. इथे तर चक्रीला दम खायला फुरसत नव्हती.

"सांडपाणी नाय साहेब. प्रेशरची लाइन फुटलीय. कुठनं नेलीय लाइन?"

घर शांत झालं. वडिलांनी १९८४ साली न्हाणीघराचं बाथरूम केलं, तेव्हा उघडा पाइप गावंढळ दिसतो म्हणून तो भिंतीत गाडून वर पांढऱ्या टाइल्स लावल्या. नकाशा वडिलांच्या डोक्यात होता आणि गवंड्याच्या हातात. दोघंही आता नाहीत. "त्या वेळी मी स्वतः इथे उभा होतो," असं म्हणून काकांनी ठामपणे तीन भिंती दाखवल्या.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याच्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. पण त्या नळाला त्यांनी वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले. हवा निघते, माणूस उतरू शकतो, गाळ काढता येतो. आमच्या बाथरूमपासून देवघरापर्यंतच्या चार पावलांत माणूस सोडा, स्क्रूड्रायव्हर उतरवायलासुद्धा जागा नाही. पाण्याची वाट लपवावी, पण तिथे पोचण्याची वाट ठेवावी एवढं पेशव्यांना कळत होतं. टाइल्सच्या मोहात आमच्या पिढ्यांना नाही कळलं.

प्लंबरने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला लावलं आणि मूठ कानाला. "फ्रिज बंद करा. पंखा पण." आम्ही श्वासही बंद केले. तो टाइलवरून टाइलवर सरकत, डोळे मिटून ऐकत होता. काकांनी "काही ऐकू येतंय का?" असं विचारलं, तेव्हा त्याने डोळे न उघडता "तुमचाच आवाज येतोय" म्हणून सांगितलं.

शेवटी छिन्नी चालली ती ओलीपासून पाच फुटांवर, बाथरूमच्या बाजूने. "पाणी दिसतं तिथं गळत नसतं," हा त्याचा सिद्धान्त. जस्त चढवलेला लोखंडी जीआय पाइप दिसला, पाइपाच्या मागे मागे छिन्नी गेली आणि कोपऱ्यातल्या एल्बोशी, म्हणजे वळणाच्या जोडाशी, थांबली. आटे पाडताना पाइपची जाडी तिथेच कमी होते, म्हणून गंज तिथेच आधी जिंकतो. आट्यांत वडिलांच्या काळचा सफेदा आणि ताग अजून शाबूत होता. लोखंड गेलं होतं. प्लंबरने पाना नुसता टेकवला तर एल्बो हातात आला. आतून गंज इतका साचलेला, की अर्ध्या इंची पाइपातून पेन्सिलसुद्धा जाईना. सकाळी नळाला धार बारीक येते म्हणून मी इतकी वर्षं ज्या महापालिकावाल्यांना शिव्या घातल्या, त्यांची मनातल्या मनात माफी मागायचं मी तूर्त पुढे ढकललं. पाणी त्यांचं तरी कुठे रोज वेळेवर येतं?

"नुसता एल्बो बदला ना," मेहुणा म्हणाला.

"हा आवळला की पुढचा सुटणार, तो आवळला की त्याच्या पुढचा. जुनी लाइन आहे, तिला पाना सोसत नाय."

म्हणून जुना पाइप होता तिथेच बूच मारून ठेवला आणि नवी सीपीव्हीसी प्लास्टिकची लाइन क्लॅम्प ठोकून भिंतीच्या बाहेरून नेली. ती छान उघडी दिसते. आत्याला बघवत नाही, आईने त्यावर पंचे वाळत घालायला सुरुवात केलीये. फोडलेल्या जागी लावायला तसल्या टाइल्स काही मिळाल्या नाहीत. दुकानदाराने जुना तुकडा हातात घेऊन, "हा कुठल्या उत्खननात सापडला?" असं विचारलं. आता पांढऱ्या भिंतीत हिरवा पट्टा आहे आणि काका तो "मुद्दाम केलेलं डिझाइन" म्हणून पाहुण्यांना दाखवतात.

पैसे घेऊन प्लंबरने पिशवी उचलली. जाता जाता स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "ही लाइन पण त्याच सालातली ना? मग हिचंही..."

"हळू बोला हो," आई घाईघाईने पुढे झाली, "भिंतीला कान असतात."