तारण झालंय का?

परवा रविवारी सकाळी मटणाच्या लाइनीत उभा होतो तर मागून ओळखीच्या काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय रे, तारण झालंय का तुझं?" मी म्हटलं हो काका, कधीच, फ्लॅट बँकेकडे तारण आहे, अजून अकरा वर्षं हप्ते आहेत. काका हसले नाहीत, त्यांना आत्म्याचं तारण, म्हणजे मोक्ष, म्हणायचं होतं. काका पेंटेकॉस्टल पंथाचे, त्यांची उपासना दहाला सुरू होते आणि संपते कधी ते फक्त पवित्र आत्म्याला ठाऊक, म्हणून ते मटण आधीच घेऊन फ्रीजमधे ठेवून जातात. मला हा माणूस त्यामुळेच आवडतो खरं तर.

"लहानपणी बाप्तिस्म्याला कपाळावर शिंपडलेलं पाणी चालत नाही बाळा, पूर्ण बुडायला पाहिजे." मी म्हटलं काका आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, बुडू कशात?

आता माझी अडचण अशी की नगरमधे (आता अहिल्यानगर, पण रिक्षावाल्याला अजून नगरच सांगावं लागतं) ख्रिस्ती माणसाला मार्गांची कमी नाही. अमेरिकन मराठी मिशन 1831 ला इथे आलं, तेव्हापासून गल्लोगल्ली सोय आहे. आणि आमच्या तर घरातच सगळं. पप्पा सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, प्रोटेस्टंट. आजी मुक्ती फौजेतली (सॅल्व्हेशन आर्मी), तिच्यात बाप्तिस्मा पण नाही आणि प्रभुभोजन पण नाही, ती स्वतःच म्हणते, "आमच्यात पाणी नाही, भाकर नाही, नुसता बँड." बायको वसईची, पक्की कॅथलिक, सात वाजताच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मी पाच मिनिटं उशीर केला तर गेटपर्यंत रोजरी (जपमाळ) म्हणत जाते आणि त्यातली निम्मी माझ्यासाठी असते असा मला संशय आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं म्हणे. सहा! आमच्या टू बीएचकेत चार माणसं एका रविवारी एका रिक्षात बसत नाहीत.

बायबल सांगतं अरुंद दरवाजाने आत जा, नाशाकडे जाणारा रस्ता रुंद आहे. ठीक आहे, पण आमच्या गावात रुंद रस्ता आहेच कुठे? त्या हिशोबाने आम्ही सगळेच स्वर्गात.

पप्पांना विचारायला गेलं की ते कवी ना. वा. टिळकांवर येतात, त्यांचं सगळं टिळकांवरच येतं. 1893 ला टिळकांना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला, 1895 ला बाप्तिस्मा, विषय संपला. मी इतक्या वर्षांत इतका प्रवास केला पण मला रेल्वेत लोक फक्त "जरा सरका" एवढंच म्हणाले. आणि मी एकदा पप्पांना आठवण करून दिली की पप्पा, विषय कुठे संपला, त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, तिथं पोचायला पुढे पाच वर्षं लागली, आणि 1917 ला खुद्द टिळक मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार नावाची स्वतःची वेगळी मंडळी काढायला निघाले, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा पण शोध चालूच होता की. त्यावर पप्पा म्हणाले, "तू आधी पगार वाढवून घे, मग सोड."

तर लाइनीत माझा नंबर आला, मटणवाल्याने अर्धा किलो तोडायला घेतलं आणि नेमका बायकोचा फोन. मिस्सा संपली होती. "काय घेतोयस? लेंट सुरू झालाय, ईस्टरआधीचा उपवासकाळ, चाळीस दिवस घरात मटण शिजणार नाही." मी म्हटलं अगं रविवार त्यात धरतच नाहीत, लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा कर, बरोब्बर चाळीस, तुमचाच हिशोब आहे. ती म्हणाली, "हा हिशोब फादरना जाऊन सांग," आणि फोन कट.

सुरा तसाच वर धरून मटणवाला विचारतोय, साहेब, घ्यायचं की नाही?

"आण इकडे ते," मागून काका म्हणाले आणि माझं अर्धा किलो शांतपणे स्वतःच्या पिशवीत टाकलं. "आमच्यात लेंट नसतो."

आणि खरं सांगतो, त्या पिशवीकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, बुडायला तशी काही हरकत नाही.