घाबरवून विकलेला अँटिव्हायरस

लॉटरी लागली म्हणून फसलेल्याला लोक हसतात. पैसे दुप्पट करून देणाऱ्याच्या नादी लागलेल्याला तर घरचेही सोडत नाहीत. पण 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा' हे वाचून ज्याने पैसे भरले, त्याने कसला लोभ धरला होता? त्यात नातवंडांचे फोटो होते, जीएसटीच्या फायली होत्या, त्या वाचवायच्या होत्या एवढंच. या धंद्यात नेमका काळजी करणारा माणूस सापडतो. म्हणून माझा त्याच्यावर राग नाही. ज्यांच्यावर आहे त्यांच्यात आमच्या लाइनमधले लोकही येतात, हे आधीच सांगून ठेवतो.

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं, पण विप्रो १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली. इथल्या कित्येक जुन्या घरांत तिचे शेअर आजही आहेत. त्यामुळे सत्तरी ओलांडलेले आबा-नानासुद्धा सकाळी भाव बघायला कॉम्प्युटर लावतात. डिमॅट त्याच मशीनवर, नेटबँकिंग त्याच मशीनवर. भामट्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

असेच एक रिटायर्ड गुरुजी. पंचांग डाउनलोड करायला गेले आणि सगळा स्क्रीन लाल झाला. वर मायक्रोसॉफ्टसारखं चिन्ह, खाली हेल्पलाइनचा नंबर, स्पीकरमधून इंग्रजीत एक बाई ओरडतेय की कॉम्प्युटर बंद करू नका. मला फोन लावून म्हणाले, "भाऊ, बठ्ठं लाल लाल दिखी ऱ्हायनं. मी काहीच नही करं." हे दुसरं वाक्य मी नेहमी ऐकतो. मशीन बिघडलं यापेक्षा ते आपल्या हातून बिघडलं का, याची धास्ती मोठी असते. गुरुजींनी मात्र बाईचं न ऐकता सरळ प्लग उपटला होता. झकास काम केलं. ते नुसतं वेबपेज होतं, मशीनला काही झालेलं नव्हतं.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. ब्राउझरमधलं पान तुमची हार्ड डिस्क तपासू शकत नाही. ती हिरवी पट्टी पुढे सरकते, फायलींची नावं झरझर पळतात, शेवटी लाल आकडा येतो, ते सगळं आधीच बनवून ठेवलेलं चित्र. विश्वास बसत नसेल तर हे बघा: असलंच पान कधीकधी मोबाइलवरही उघडतं आणि 'सी ड्राइव्हमध्ये व्हायरस' दाखवतं. मोबाइलला सी ड्राइव्ह असतो का?

सगळेच गुरुजींसारखे सुटत नाहीत. एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात शेठनी स्वतः तो नंबर फिरवला. पलीकडचा पोरगा गोड हिंदीत बोलला, लांबून आपलं मशीन चालवता येतं असं रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं आणि विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवलं. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, पानंच्या पानं. शेठ म्हणतात, ते बघून माझे हातपाय गार पडले. आता तुम्ही हा लेख वाचताय तो कॉम्प्युटर ठणठणीत असेल, तरी त्यातलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, तिथेही लाल खुणा सापडतील. कुठली सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटरने उत्तर दिलं नाही, याची ती रोजची नोंद. दुसरी युक्ती याहून भारी. काळ्या खिडकीत एक कमांड देऊन ८८८ने सुरू होणारा लांबलचक नंबर दाखवतात आणि म्हणतात, हा फक्त तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन नंबर, मी वाचून दाखवतो, जुळतो का बघा. जुळणारच. तो नंबर जगातल्या सगळ्या विंडोजवर तोच असतो.

शेठनी साडेआठ हजार भरले आणि कोणाला बोलले नाहीत. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो तेव्हा ते रिमोटचं अ‍ॅप दिसलं, मग हळूहळू बाहेर आलं. चारचौघांत अब्रू जाईल म्हणून गप्प बसायचं, आणि या गप्प बसण्यावरच पुढचा माणूस फसतो.

हा धंदा नवा नाही. ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये विनफिक्सर, विनअँटिव्हायरस असल्या नावांनी खोटे प्रोग्रॅम विकणाऱ्या टोळीवर दावा ठोकला. दहा लाखांहून जास्त लोक फसले होते. २०१२ मध्ये कोर्टाने त्यातल्या एका आरोपीला १६ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०११ साली अशा तीन टोळ्यांचे हिशेब तपासले, तर तिघींची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या पुढे. खोटा प्रोग्रॅम मशीनमध्ये शिरलेल्या शंभरांतले जेमतेम दोन-अडीच जण पैसे भरायचे, तरी एवढी कमाई. त्या हिशेबात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे, जो ग्राहक भांडायचा त्याला या टोळ्या गुमान पैसे परत द्यायच्या. कारण बँकेकडे तक्रारी वाढल्या की कार्डाने पैसे घेण्याची सोयच बंद व्हायची. म्हणजे चोरसुद्धा आरडाओरडा करणाऱ्याला भितो.

हे झालं उघड चोरांचं. आता इज्जतदार दुकानांकडे वळू. अमेरिकेतली ऑफिस डेपो ही मोठी दुकानांची साखळी कॉम्प्युटरची 'आरोग्य तपासणी' करून द्यायची. सुरुवातीला चार प्रश्न: मशीन स्लो आहे का, सारखं बंद पडतं का, असे. त्याच ट्रेड कमिशनचा आरोप असा की त्यातल्या एकाला जरी होकार दिला, तरी तपासणी शेवटी मालवेअरची (व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमची) लक्षणं आहेत असंच सांगायची. मशीनमध्ये काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तो प्रोग्रॅम पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

हसू नका. हीच तपासणी आपल्याकडे तोंडी होते. ग्राहक म्हणतो, मशीन स्लो चालतंय. दुकानदार माउस हलवायच्या आत म्हणतो, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल. बहुतेक वेळा आत जुनी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असते, एसएसडी म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकली की तेच मशीन पळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जिनिंगच्या ऑफिसातले कॉम्प्युटर धडाधड बंद पडतात. एकदा सीपीयूचं झाकण काढून बघा. पंख्याच्या पात्यांना रुईचा थर असतो, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या फटींत तर गादीसारखी ठासून बसलेली. ब्रश आणि ब्लोअर मारला की काम झालं. त्याला व्हायरस म्हणून अँटिव्हायरस विकलेला मी पाहिलाय, बिलासकट.

खऱ्या अँटिव्हायरसशी माझं भांडण नाही. मी स्वतः विकतो. क्विक हीलसारखी कंपनी पुण्यात काटकर बंधूंनी उभी केली, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून. फ्लॉपीतून व्हायरस यायचे त्या काळात अशा सॉफ्टवेअरने खरंच लोकांचं काम वाचवलं. पण मुदत संपत आली की अस्सल प्रोग्रॅमही लाल रंगात 'तुम्ही धोक्यात आहात' असा डबा दाखवतात, दिवसातून चारदा. मग गुरुजींनी अस्सल लाल आणि नकली लाल यांतला फरक ओळखायचा कसा? लोकांना लाल डब्यावर क्लिक करायची सवय या कंपन्यांनीच लावली. चोर आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. शिवाय विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासून असतो, फुकट. घरगुती वापराला बहुतेकांना तेवढा पुरतो. हे ग्राहकाला सांगितलं की एक विक्री जाते, म्हणून कोणी सांगत नाही. विंडोज १० चे नेहमीचे फुकटचे अपडेट मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, तेव्हा जुन्या मशीनवाल्यांनी ते एकदा विचारून घ्या.

लाल पान आलंच तर नंबर फिरवू नका. एस्केप दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल-अल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही नाही जमलं तर गुरुजींचा मार्ग आहेच. ब्राउझर परत उघडताना 'जुनी पानं परत आणू का' असं विचारलं तर नको म्हणा.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, लगेच १९३० ला फोन, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. रिमोटचं अ‍ॅप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. लाजेपायी चार दिवस थांबलात तर बँकही फार काही करू शकत नाही.

लोकांचे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. पीक विम्याच्या गर्दीत कुठल्यातरी साइटवर घाईत 'अलाऊ' दाबलं जातं आणि मग दिवसभर उजव्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' चे डबे उगवत राहतात. मागे शेतकऱ्यांची रांग, समोर हा त्रास. तो व्हायरस नसतो, ती त्या साइटची नोटिफिकेशन असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, आणि अनोळखी नावं दिसतील ती काढून टाकायची. दुकानवाल्या भावांनो, या कामाला दोन मिनिटं लागतात. त्याचे पैसे घ्यायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण बिलावर 'व्हायरस काढला' असं लिहू नका.