‘विंडोज १० बंद पडणार’ म्हणे! मामा, तो मेसेज आधी डिलीट करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टेशन रोडला माझ्या मामांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. आरटीसीचे (कर्नाटकातल्या सातबाऱ्याचे) उतारे, जात-उत्पन्नाच्या दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज, मराठीत लग्नपत्रिका, पंचायतीला द्यायचे कन्नड अर्ज, सगळं दोन कॉम्प्युटरवर चालतं. दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे की! दुकान बंद करून बसू काय आता?"

कुठल्यातरी ग्रुपवरून मेसेज आला होता. त्यातला मजकूर थोडक्यात असा: १४ ऑक्टोबरपासून विंडोज १० वाले कॉम्प्युटर सुरूच होणार नाहीत. आतला डेटा परत मिळणार नाही. बँका आणि सरकारी साइट उघडणार नाहीत. विंडोज ११ फक्त नव्या मशीनवर चालतं. जुन्या मशीनसाठी खालच्या लिंकवरून फाइल उतरवून घ्या, त्या वेळी अँटिव्हायरस बंद ठेवा. लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणालीच्या) नादी लागू नका, त्यात मराठी-कन्नड टाइप होत नाही. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मामांनी दहा जणांना पाठवूनही झालं होतं. म्हणून हे लिहितोय.

पहिलं, मशीन सुरू होणार नाही. हे धादांत खोटं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट संपवला. त्यांच्याच पानावर साध्या शब्दांत लिहिलंय की कॉम्प्युटर पुढंही चालत राहील, फक्त मोफत सुरक्षा अपडेट आणि मदत मिळणार नाही. एवढं एक पान वाचलं असतं तर निम्मा मेसेज तिथंच आडवा झाला असता. १५ तारखेला सकाळी मामांनी शटर उघडलं, बटण दाबलं, आणि मशीन रोजच्यासारखं कुरकुरत सुरू झालं. तर ग्रुपवर नवा मेसेज हजर: ‘मुदत वाढवून दिली आहे’. म्हणजे खोटं पडलं तरी खोटं बोलणाऱ्याची मुदत काही संपत नाही.

आता खरा राग येतो तो लिंकचा. बाकीचं वाचून माणूस घाबरेल, फार तर उगाच पैसे घालवेल. लिंक मात्र घरात चोर घेते. ‘अँटिव्हायरस बंद ठेवा’ हे सांगणाऱ्याला आपल्या मशीनमध्ये नेमकं काय घुसवायचं असेल? मामांच्या डी ड्राइव्हवर गावातल्या शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या स्कॅन कॉपी आहेत, पासबुकांचे फोटो आहेत, दोन-तीन व्यापाऱ्यांच्या डिजिटल सहीचं टोकन त्याच मशीनला लागतं. तिथं चोरटं सॉफ्टवेअर बसलं तर नुकसान मामांचं एकट्याचं नाही, वही धरून रांगेत उभ्या राहिलेल्या म्हातारीचंही आहे. आणि या लिंकची कुणाला गरजच नाही. मशीन पात्र असेल तर विंडोज १० वरून ११ वर जायला एक पैसा लागत नाही. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडायचं, तिथंच ते मिळतं. नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचं. तिसरी जागा नाही. मामांनी लिंक दाबली होती का, हे मी तीनदा विचारलं. "दाबली, पण नेट स्लो होतं, उघडली नाही," म्हणाले. खानापूरच्या नेटचे इतके आभार मी आयुष्यात मानले नव्हते.

विंडोज ११ फक्त नव्या मशीनवर, हे अर्धं खरं. नाइलाजानं मान्य करतो. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, युइएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना भलतं काही घुसू न देणारी) सोय लागते, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मामांचं एक मशीन चौथ्या पिढीचं आय३. त्याचा विषय संपला. पण दुसरं दहाव्या पिढीचं आय५ आहे, आणि पीसी हेल्थ चेक या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी अॅपनं त्यालाही ‘नाही’ म्हटलं! ते बघून एका दुकानदारानं मामांना ३८ हजारांचं कोटेशन दिलं होतं.

मी जाऊन बघितलं तर चिप आतच होती, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद. इंटेलच्या मशीनमध्ये ती ‘पीटीटी’ नावानं असते, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप केलं की ती चालू आहे की नाही ते कळतं. शिवाय हे मशीन जुन्या लेगसी पद्धतीनं सुरू होत होतं आणि हार्ड डिस्कची मांडणीही एमबीआर या जुन्या पद्धतीची होती. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन असतं, त्यानं डिस्क न पुसता नव्या जीपीटी पद्धतीची करता येते. मात्र आधी बॅकअप, मग हात लावायचा. बाहेरच्या डिस्कवर सगळा डी ड्राइव्ह, डेस्कटॉप (मामांच्या निम्म्या पत्रिका तिथंच पडलेल्या असतात) आणि फॉन्ट्सचं फोल्डर घेतलं. परतीचा पाऊस सुरू होता, लाइट येत-जात होती, म्हणून यूपीएस जोडल्याशिवाय सुरुवातच केली नाही. दुपारच्या जेवणापर्यंत विंडोज ११ उभं होतं. नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर चाललं. जुन्या मराठी डीटीपी पॅकेजचा डोंगल (ते चालवायला मशीनला लावायची किल्ली) ओळखायला मात्र त्यानं अर्धा दिवस खाल्ला, ड्रायव्हर नव्यानं टाकावा लागला. नाहीच जमलं असतं तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून परत विंडोज १० वर येता येतं.

डेटा जाईल म्हणणाऱ्यांना एवढंच: अपडेटमधून वर गेलं तर फाइल आणि प्रोग्राम जागेवर राहतात. डेटा जातो तो ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातानं. बँका आणि सरकारी साइटचंही तसंच. त्या ब्राउझर बघतात, आणि विंडोज १० वर एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मग जुन्या विंडोजवर बिनधास्त बसायचं का? तेही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातली मशीन कुलूपबंद केली, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं खोळंबली. त्याचा उतारा मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं ते सापडले. आता तर वाढीव अपडेटची नोंद न केलेल्या मशीनला नवा उतारा येणारच नाही. तेव्हा मेसेजमधली भीती खोटी असली तरी ‘काहीतरी करायला हवं’ एवढं त्यात खरं आहे.

त्या आय३ चं असं ठरवलं: ग्राहकांची कागदपत्रं त्याच्यावरून काढली आणि मशीन घरी मामेबहिणीच्या अभ्यासाला नेलं. घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर तेही फुकट. त्यानंतर त्याच्यावर लिनक्स मिंट.

हो, लिनक्स. त्यात मराठी टाइप होत नाही, हे कुणी पसरवलं देव जाणे. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड तिथं मराठीचाही आहे, कन्नडचाही. सीमाभागात मराठीत कागद मिळवण्याचं भांडण जुनं आहे, पण त्यात लिनक्सचा काही दोष नाही. डीटीपीच्या दुकानात मात्र मी ते सुचवणार नाही. विंडोजसाठी बनवलेली जुनी फॉन्ट पॅकेजं आणि त्यांचे डोंगल तिथं चालवत बसणं म्हणजे ऐन लग्नसराईत धंदा बंद ठेवणं.

मेहुण्याच्या ओळखीचा एक मुलगा म्हणाला, जुन्या आय३ वरही जुगाड करून ११ टाकून देतो. टाकता येतं, खोटं नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप.

मामांनी त्या दहा जणांना परत फोन केले. नऊ जण म्हणाले, आम्ही वाचलाच नव्हता. दहावा नंदगडचा, त्यानं लिंक दाबली होती. त्याचं मशीन रविवारी बघायला जातोय.