नाशिकचं कुणाला सांगू नका म्हणे!

"दादा, तू आता कुणाला काही सांगत जाऊ नकोस. सांगून सांगूनच नाशिकची वाट लावली आपण."

धाकट्या भावाचं हे वाक्य गेले तीन रविवार माझ्या डोक्यात भुणभुण करतंय. निमित्त फुटकळ होतं. ऑफिसातल्या एका नागपूरकर सहकाऱ्याचे आईवडील त्र्यंबकेश्वराला जायचे होते. मुक्काम नाशिकरोडला करावा की गावात, एवढंच मी भावाला विचारलं. बाहेरच्या माणसाला स्टेशनचं नाव नाशिकरोड म्हणजे पाच मिनिटांवर नाशिक असं वाटतं. तिथून गाव आठ-दहा किलोमीटर आहे आणि मध्ये द्वारकेचा चौक नावाचा प्रकार आहे, हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला निघालो, तर बंधुराजांनी पंधरा मिनिटांचं व्याख्यान ठोकलं.

त्याचं म्हणणं असं. मुंबई-पुण्याची माणसं इथे फ्लॅट घेतात आणि पहिल्या दिवसापासून विचारत सुटतात. दूध कुणाचं चांगलं, पोळ्यांना बाई मिळेल का, उन्हाळ्यात टँकर लागतो का, दाताचा डॉक्टर कोण, मिसळ काळ्या मसाल्याची कुठे आणि लाल कुठे. आणि आपण भोळे सांब सगळं सांगतो. त्यांना मिसळ सांगितली, आता रविवारी आपल्यालाच टेबल मिळत नाही. त्यांना हरिहर सांगितला, आता निरगुडपाड्याला गाड्यांची रांग लागते आणि गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर माणसं मुंग्यांसारखी अडकतात. "तुमच्याकडे बरं आहे," तो म्हणाला, "कुणी कुणाला विचारत नाही आणि कुणी सांगत नाही."

तुमच्याकडे. आता हे 'तुमच्याकडे' म्हणजे जर्मनीतलं श्टुटगार्ट. जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर वाड्यात जन्मलो, माझं शिक्षण नाशिकला झालं, पहिली नोकरी अंबडच्या एमआयडीसीत केली, आणि पंधरा-सोळा वर्षं बाहेर राहिलो तर 'तुमच्याकडे'! असो.

पहिली गोष्ट म्हणजे हे बोलतोय कोण? नाशिककर. दर बारा वर्षांनी ज्याच्या दारात लाखो माणसं येऊन 'रामकुंड किधर है' विचारतात, तो. २०२७ची शाही स्नानं तोंडावर आली आहेत, रस्ते खोदलेले आहेत, आणि आमचे बंधू म्हणतात बाहेरच्यांना रस्ता सांगू नका. अरे, पंचवटी आजवर चालली कशावर? तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांवर. अनोळखी माणूस घाटावर उतरतो, गाव आणि आडनाव सांगतो. गुरुजी लाल फडक्यातली वही सोडतात आणि त्याच्या खापरपणजोबाची मोडीतली सही पुढ्यात ठेवतात. राहायचं कुठे, जेवायचं कुठे, पिंड कुठे ठेवायचे, सगळं तेच सांगतात. परक्याला सांगणं हा या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे. दक्षिणा घेऊन का होईना.

दुसरी गोष्ट, 'तुमच्याकडे कुणी सांगत नाही' हे धादांत खोटं. इथे कुणी आपणहून सांगत नाही, हे खरं. पण विचारलंत तर माणूस थांबतो, पिशवी खाली ठेवतो आणि बसचा नंबर, कितवा स्टॉप, कुठल्या बाजूचं दार, इथपर्यंत सांगतो. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणतो. हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उद्धट वाटलं होतं, कारण आपल्याकडे 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारण्यासारखं. आपला माणूस चुकीचा का होईना पण रस्ता सांगणारच. "सरळ जा, मग कुणालाही विचारा." अर्धा नाशिक मी या वाक्यावर हिंडलोय.

नवीन होतो तेव्हा दारावर एक दिवस लाकडी पाटी लटकलेली दिसली, केअरवोखेची, म्हणजे या आठवड्यात जिना-फुटपाथ झाडायची पाळी तुमची. मी ती कौतुकाने पाहिली आणि कामावर गेलो. तीन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या आजी बादली आणि फडकं घेऊन आल्या. त्यांनी मला जिना वरून खाली कसा पुसायचा, कठड्याच्या नक्षीत धूळ कुठे साठते, फुटपाथ कुठपर्यंत आपला आणि कुठून शेजाऱ्याचा, हे तासभर करून दाखवलं. माझं जर्मन तेव्हा 'या' आणि 'नाइन', म्हणजे हो आणि नाही, एवढंच. त्याच आजींनी काचा टाकायचा कंटेनर कुठला, पिवळी पिशवी कुठल्या वारी, कुठला डॉक्टर नवीन पेशंट घेतो आणि टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळवायला सकाळी आठलाच फोन का करायचा, हे शिकवलं. मी परका होतो आणि विचारत होतो. त्यांनी सांगितलं नसतं तर मी पहिल्या हिवाळ्यातच परत आलो असतो.

(त्याच आजींनी मी एकदा रविवारी बाटल्या टाकायला निघालो तेव्हा खिडकीतून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलंही होतं. म्हणजे न विचारता सांगणारे इथेही आहेत. पण ते मी भावाला सांगितलं नाही. वादात सगळंच सांगायचं नसतं.)

तेव्हा भावाला म्हटलं, माणूस विचारतो म्हणजे त्याला तिथे राहायचं असतं. चार दिवसांचा पाहुणा टँकरची चौकशी करत नाही. यावर तो म्हणाला, "तुला काय कळतंय तिथे बसून. तुझी माहिती २०१०ची आहे."

हे झोंबलं. कारण ते खरं आहे, आणि ते त्याला कळलंय हे आणखी वाईट.

मागच्या मे महिन्यात दुसऱ्या एका मित्राच्या वडिलांचा प्रवासात दात ठणकायला लागला. मी इथून छाती पुढे काढून पत्ता दिला. शालिमारला उतरा, अमुक टॉकीजच्या मागची गल्ली, खाली औषधाचं दुकान, वर दवाखाना. ते बिचारे उन्हात पाऊण तास हिंडले. टॉकीज केव्हाच पडलेलं, दवाखाना दुसरीकडे गेलेला, औषधाच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं. शेवटी तिथल्या एका रसवंतीवाल्याने त्यांना जवळच्या डॉक्टरकडे नेऊन सोडलं. मित्राने मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो, आणि रात्री बराच वेळ नकाशावर ती गल्ली पाहत बसलो.

पण एक सांगतो, नाशिकची सगळी माहिती शिळी होत नाही. गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं याचे आकडे सगळीकडे फिरतात. नवीन माणूस ते आकडे वाचतो आणि त्याला त्यातून काही कळत नाही. नाशिककर एकच प्रश्न विचारतो, पाणी मारुतीच्या कुठवर आलंय? रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला आमचा दुतोंड्या मारुती. गुडघ्याला म्हणजे चहा पीत बघायला जा. कमरेला म्हणजे टपऱ्या हलवा. छातीला म्हणजे सराफ बाजारातल्यांनी माल वर चढवा. २०१९च्या ऑगस्टमध्ये रविवारी सकाळी मी इथून भावाला फोन केला, 'हॅलो'सुद्धा न म्हणता विचारलं, कुठवर? तो म्हणाला, "बुडाला रे." एवढं एका शब्दात मला जगात दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. शेजारी बायको ब्रेडला लोणी लावत होती, ती म्हणाली, काय बुडालं? ती सोलापूरची.

हे सगळं त्या दिवशी भावाला सांगायचं राहून गेलं, कारण वाद कधीच आपल्याला हव्या त्या क्रमाने होत नाही. पण पुढच्या आठवड्यात जे झालं त्याने माझं काम आपोआप झालं. झालं असं मला वाटलं तरी.

आई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट. भाऊ कामासाठी बंगळुरूला, वहिनी तिच्या माहेरी, आणि मी इथे श्टुटगार्टात, फॉयरबाखच्या स्टेशनवर. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहतं. ते इंदूरहून आलंय, तीन वर्षं झाली असतील. भाऊ ज्यांच्या नावाने बोटं मोडतो त्यांच्यातलंच. मी त्या बाईंचा नंबर मिळवून घाबरत घाबरत फोन केला. त्या म्हणाल्या, "दादा, प्लास्टर झालंसुद्धा. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मग त्यांनी मला माहिती दिली. मी वही घेऊन लिहून घेतली. रथचक्र चौकातली कुठली मुलगी सकाळी दोन तास यायला तयार आहे आणि ती महिन्याचे किती घेते. घरी येऊन रक्त नेणारा लॅबवाला साडेसातला आला तर साखर उपाशीपोटी तपासून होते, पण आदल्या रात्री नऊच्या आत त्याला सांगावं लागतं. फिजिओथेरपिस्ट दोन आहेत. एक चांगला आहे पण वेळ पाळत नाही, दुसरी वेळ पाळते. "काकूंना दुसरीच चालेल, त्या वाट बघून चिडतात." डबा एक जण देतो पण तिखट असतो, म्हणून त्याला वेगळं सांगून ठेवलंय. लिफ्ट बुधवारी दुपारी बंद असते, तेव्हा डॉक्टरची वेळ बुधवारची घ्यायची नाही.

मी विचारलं, तुम्हाला एवढं सगळं कसं माहीत? "नवीन होते ना," त्या म्हणाल्या, "सगळं विचारून विचारून घेतलं. पहिल्या वर्षी काकूंनाच विचारायचे."

माझ्या जन्मगावाबद्दलची पान-दीड पान माहिती मी इंदूरच्या बाईंकडून उतरवून घेत होतो. पहिली पाच मिनिटं नुसता आनंद होता, भावाला आता कसा पकडतो म्हणून. मग तो ओसरला. आई कुणाची वाट बघून चिडते हे मला माहीत नव्हतं. वाड्यात असताना ती चिडायची नाही. की चिडायची?

भावाला रात्री सगळं सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "त्या चांगल्याच आहेत रे. मी बाकीच्यांबद्दल बोलत होतो." बाकीचे नेहमीच कुणीतरी दुसरे असतात. इथेही माझ्या ऑफिसात परदेशी लोकांबद्दल कुणी काही बोलून गेलं की मला पटकन सांगतात, तुझ्याबद्दल नाही. मला ते वाक्य पाठ आहे, मूळ जर्मनमध्ये. भावाला तेही सांगावंसं वाटलं होतं, पण तो दिवसभर विमानतळावर बसून आला होता.

आईचं प्लास्टर निघालं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरून मला मेसेज आला. रंगपंचमीला नवऱ्याला आणि मुलाला रहाड, म्हणजे रंग खेळायचा हौद, दाखवायची आहे. तीन वर्षांत जमलं नाही. जुन्या नाशकात म्हणे कुठे तरी असते, पण तिकडून दोनदा गेले तरी काही दिसलं नाही. काकू म्हणाल्या, दादाला विचारा.

दिसणार कसं? वर्षभर ती रस्त्याखाली असते. लाकडं टाकून, माती लोटून बुजवलेली, वरून रिक्षा आणि हातगाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी उकरायची, धुवायची, कढयांमध्ये रंग उकळायचा, पूजा करायची, आणि मग दिवसभर धप्पे, म्हणजे रंगात धपाधप उड्या. पेशवाईपासून त्याच जागी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आमच्या तिवंध्याचा पिवळा. आम्ही पोरं त्या पिवळ्या अंगाने आठवडाभर शाळेत जायचो आणि मास्तर कान धरताना रुमाल वापरायचे.

तेव्हा मी टर्मिनला जायचं सोडून ट्रामच्या स्टॉपवर उभा राहून लिहायला घेतलं. गाडी गोदाघाटाच्या अलीकडे लावा, आत घालू नका. पायी रविवार कारंजावरून चांदीच्या गणपतीला हात जोडून पुढे या. दुपारी ऊन असतं तेव्हा गर्दी कमी असं वाटेल, पण तसं नसतं. मुलाला पहिल्यांदा कडेवर घेऊनच रंग लावा, उडी मारू देऊ नका. जुने कपडे घाला, ते परत वापरता येणार नाहीत. परत येताना बुधा हलवायाची जिलेबी. एकदाही भावाला विचारलं नाही, नकाशा उघडला नाही. दोन ट्राम गेल्या.

लगेच उत्तर आलं, "थँक्यू दादा! आणि चपला कुठे ठेवायच्या?"

आम्ही घरून अनवाणी जायचो. थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, तिथे कुणालाही विचारा.