रियासीचं लिथियम आणि निम्म्या किमतीची बॅटरी

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमाना भागात लिथियम सापडल्याची घोषणा झाली. तेव्हापासून एक मेसेज फिरायचा थांबत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकतोच. मजकूर थोडक्यात असा: भारताकडे ५९ लाख टन लिथियम आहे, आपण चिलीच्या पंक्तीत बसलो. ते खणलं की बॅटऱ्या इथेच बनतील, चीनची गरज संपेल, बॅटरी निम्म्या किमतीत मिळेल. पण पेट्रोलवाल्यांची लॉबी खाण उघडू देत नाही.

आधी ते ५९ लाख टन. हा आकडा लिथियमचा नाही, लिथियम असलेल्या खनिजाचा आहे. खाण मंत्रालयानेच संसदेत तसं सांगितलंय. चिलीचे ९० लाखांवर टन मोजतात ते निव्वळ लिथियमचे. एकाचा ऊस आणि दुसऱ्याची साखर एकाच काट्यावर तोलल्यासारखं झालं हे. रियासीच्या खनिजात लिथियमचं प्रमाण ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भाग) वर आहे, असं तेव्हा अधिकारी म्हणाले होते. आपण सढळ हाताने १,००० धरू. मग ५९ लाख टनांतून निघतं ५,९०० टन, तेही कणभर वाया गेलं नाही तर. ४५ किलोवॉट-तासाच्या बॅटरीत साधारण साडेचार किलो लिथियम जातं. म्हणजे तेरा लाख गाड्या. देशात वर्षाला चाळीस लाखांवर प्रवासी गाड्या खपतात, तेव्हा सगळ्याच इलेक्ट्रिक झाल्या तर हा साठा चार महिनेही पुरायचा नाही. शिवाय तो 'जी-३' पातळीचा, म्हणजे प्राथमिक शोधातून बांधलेला अंदाज आहे.

लॉबीची गोष्ट एका परिच्छेदात संपते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने हा ब्लॉक लिलावात काढला. तीन पात्र बोलीदारही मिळाले नाहीत, मार्च २०२४ मध्ये लिलाव रद्द झाला. पुन्हा काढला, तोही बारगळला. लिथियम चिकणमातीसारख्या खनिजात अडकलेलं, ते वेगळं काढण्याची व्यापारी पातळीवर रुळलेली पद्धत नाही, प्रदेश भूकंपप्रवण आणि हातात माहिती तुटपुंजी. अशा ठिकाणी पैसा कोण ओतेल? छत्तीसगडमधला कटघोराचा लिथियम ब्लॉक मात्र २०२४ मध्ये विकला गेला. लॉबी तिथे काय झोपली होती?

मेसेजचा खरा घोळ मधल्या वाक्यात आहे: लिथियम मिळालं की बॅटरी आपली. जपान आणि दक्षिण कोरियाकडे नाव घ्यावं अशी लिथियमची खाण नाही, तरी दोघेही अनेक वर्षं बॅटऱ्यांचे दादा आहेत. बोलिव्हियात जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, बॅटरी उद्योग नाही. ऑस्ट्रेलिया जगात सर्वाधिक लिथियम खणतो आणि त्यातलं बहुतेक खनिज जहाजात भरून चीनला शुद्ध करायला पाठवतो. खाण आणि बॅटरी यांच्यामध्ये एक लांबलचक साखळी आहे. खनिजापासून बॅटरीच्या दर्जाचा कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड काढायचा, त्यापासून कॅथोडची (बॅटरीच्या धन टोकाची) पावडर करायची, अ‍ॅनोडसाठी (ऋण टोकासाठी) ग्रॅफाइट घडवायचं, ही पावडर तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर मायक्रॉनच्या हिशोबात एकसारखी थापायची, मध्ये दोन्ही टोकांना अलग ठेवणारा सेपरेटर पडदा घालायचा, आणि यातलं नाजूक काम जवळजवळ बाष्पच नसलेल्या खोलीत करायचं. तेव्हा कुठे एक सेल तयार होतो; असे अनेक सेल जोडले की गाडीचा बॅटरी पॅक होतो.

आणि लिथियमची चिंता सगळे करतात, ग्रॅफाइटची कुणीच करत नाही, याचं मला नवल वाटतं. त्याच ४५ किलोवॉट-तासाच्या बॅटरीत ते लिथियमच्या साधारण दहापट लागतं. अ‍ॅनोडच्या मालावर चीनची पकड नव्वद टक्क्यांच्या वर, आणि डिसेंबर २०२३ पासून तो ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना मागतो. रियासीचा डोंगर पोखरून ग्रॅफाइट निघणार नाही.

यावर ग्रुपमधला दुसरा गट लगेच म्हणतो, म्हणजे सगळं चीनचंच, आपण नुसते स्टिकर लावतो. तेही अर्धंच खरं. महिंद्रच्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीचे सेल चीनच्या बीवायडी कंपनीचे आणि पॅक चाकणला बांधलेला. पॅक बांधणं, त्याचं कूलिंग, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), सुरक्षा हे खरं इंजिनिअरिंग आहे, पण किमतीचा मोठा वाटा सेलमध्येच असतो. गुजरातेत हंसलपूरला तोशिबा, डेन्सो आणि सुझुकी यांचा कारखाना याच्या पुढे गेलाय. तिथे हायब्रिड गाड्यांसाठी सेल बनतात आणि ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रोडही, म्हणजे कॅथोड आणि अ‍ॅनोडचे लेप दिलेले थर. सरकारी निवेदनानुसार बॅटरीच्या मूल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग आता देशात तयार होईल. हे रियासीत कुदळ न मारता झालं. कच्चा माल अजून जपानहून येतो, तरीही.

केंद्राने २०२१ मध्ये सेल बनवणाऱ्यांसाठी १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची) योजना आणली, लक्ष्य ५० गिगावॉट-तासांचं. त्यातली फारच थोडी क्षमता वेळेत उभी राहिली. पण ती खनिजावाचून अडली नाही. यंत्रं बहुतेक चीनची, ती बसवून चालवून देणारे तंत्रज्ञ तिथले, त्यांच्या व्हिसाचा घोळ, आणि पाच वर्षांत साठ टक्के देशी मूल्यवर्धनाची अट. अट चुकीची नाही, पण कॅथोड-अ‍ॅनोडचे कारखाने इथे नसताना ती पाळायची कशी?

राहिली निम्मी किंमत. चीनमध्ये नोव्हेंबर २०२२ ला लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास होतं, २०२४ च्या मध्यात एक लाखाच्या खाली. इतकं कोसळूनही या दोन वर्षांत बॅटरी पॅकचे जागतिक सरासरी दर पाव हिश्शाच्या आसपासच उतरले, आणि त्यातही कारखान्यांची जादा क्षमता आणि स्वस्त एलएफपी (लोह-फॉस्फेटवाले) सेल यांचा वाटा होता. रियासीचं लिथियम उद्या फुकट वाटलं, तरी शोरूममधली किंमत निम्मी होणार नाही.