पाइपात घातली म्हणून केबल कोरडी राहत नाही

होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक सल्ला फिरतोय: घरातून मागच्या मांगरापर्यंत (परसातल्या शेडपर्यंत) नेट न्यायचंय? साधी कॅट-६ (नेटची तांब्याची केबल) पीव्हीसी पाइपात घाला आणि पुरा, पाणी लागत नाही. जांभा दोनदा कोण फोडणार, म्हणून लाइटची वायरही त्याच पाइपातून ओढा.

पाणी लागतं. सांधे कितीही चिकटवा, पाइपातल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी साचतंच. त्यात रत्नागिरीचा वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. पुरायला बाहेरची, पॉलिइथिलीन आवरणाची, जेल भरलेली केबल लागते, तीही शुद्ध तांब्याची. लाइटची वायर त्याच पाइपात कधीच नको.

संदेशातली मोठी चूक मात्र न लिहिलेली आहे. आकाशातल्या विजेचं काय? वळवात जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर व्होल्टेजचा प्रचंड फरक पडतो आणि तो या तांब्याच्या तारेतून वाट काढतो. राउटर जातो, कधी त्याला जोडलेला टीव्हीही. पाइप इथे काहीच करू शकत नाही.

म्हणून माझं मत फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलचं. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि नेटच्या साध्या केबलमधला विजेचा सिग्नल यांची अदलाबदल करणारा डबा) लावायचा, केबल मात्र आत धातूचं कवच किंवा तार नसलेली मागून घ्यायची. मांगर पार नारळांच्या पलीकडे असेल तर फायबरच हवी, कारण तांब्याच्या नेट केबलची मर्यादा १०० मीटर.

पाइप टाकाच, त्यात पुढे दुसरी केबल ओढायला एक जादा नायलॉनची दोरी ओढून ठेवा.